सातनंतर गॅस नाही

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी जाहीर करते:
सातनंतर गॅस नाही.
सिडकोतलं आमचं घर, पश्चिमेची भिंत
रात्री अकरापर्यंत तव्यासारखी.
ओटा नेमका तिलाच लागून.

पहिल्या दिवशी दडपे पोहे.
पातळ पोहे, ओलं खोबरं, किसलेली कैरी,
लासलगावचा कांदा बारीक चिरून,
आणि फोडणी? ती सकाळीच केलेली,
वाटीत झाकून ठेवलेली, हिंगाचा वास धरून.
वर ताट, ताटावर वरवंटा.
अर्धा तास.
तोवर मी जिन्यात बसते, पाय थंड फरशीवर,
आणि खालच्या मजल्यावरचा कुकर
कितव्या शिट्टीवर आहे ते मोजते.

अण्णा ताटाकडे बघतात.
नाशिकरोडच्या छापखान्यात तेहेतीस वर्षं काढलेला माणूस,
जे हिशोबात बसत नाही ते दोनदा बघणारच.
"हे जेवण आहे,
की जेवण यायचंय?"

जेवण आहे, अण्णा.

दुसऱ्या दिवशी दहीभात.
सकाळच्या भातात दूध, चमचाभर विरजण,
दिवसभर त्याचं तो लागत राहतो,
माझ्या ऑफिसच्या वेळेतही काम करणारं
घरातलं एवढं एकच माणूस.
शाल्मली वरून द्राक्षं टाकते,
एक्स्पोर्टवाल्यांनी नाकारलेली, हातगाडीवरची,
मणी लहान म्हणून नापास.
गोड मात्र अशी की दह्याने गप्प बसावं.
अण्णा द्राक्षं बाजूला काढतात
आणि शेवटी, कोणी बघत नाही असं समजून,
एकेक करून खातात.

बुधवारी सातूचं पीठ, गूळ, ताक.
गुरुवारी काकडी चोचवून, दाण्याचं कूट, सकाळच्या पोळ्या.
"गरम पोळी नाही म्हणजे..."
एवढं म्हणून ते थांबतात.
वाक्याचा उरलेला भाग
पंख्याखाली गरगरत राहतो.

शनिवारी सकाळपासून लाइट नाही.
संध्याकाळी सहाला अण्णा खुर्चीत नाहीत.
चपला नाहीत, पिशवी नाही.
मी गच्चीवरून रस्ता बघते,
ईशानला कोपऱ्यापर्यंत पाठवते,
अंबडला दुसऱ्या पाळीवर असलेल्या नवऱ्याला
फोन करू की नको, करू की नको.

पावणेआठला येतात. घामाघूम.
पिशवीत पवननगरच्या बाजारातल्या
भाकरी विकणाऱ्या बाईच्या पाच भाकरी,
कागदात ठेचा, आणि पातीसकट कांदे.
गच्चीवर चादर घालायला लावतात.
कांदा पायरीवर ठेवून बुक्की मारतात,
पहिली चुकते, दुसरी बसते,
पोरं टाळ्या पिटतात.
"उन्हाळामा रातले चूल कोन पेटाडस?"
सटाण्याकडची बोली, इतक्या वर्षांनी,
त्यांच्याच तोंडून त्यांनाच नवीन.

मग आठवडाभर कुरकुर कसली होती?
मी विचारलंच.
भाकरीचा पापुद्रा सोलत ते म्हणाले,
"तुझी सासू पानात गरम वाढायची.
एकेक. मी उठेपर्यंत.
मला वाटायचं, तिला आवडतं."

कोणी काही बोललं नाही.
ईशानला ठेचा लागला, तो पाण्याला धावला,
बरं झालं.

लाइट साडेनऊला आली.
खाली भांडी ठेवायला अण्णा आत गेले,
ओट्यामागच्या भिंतीला त्यांनी तळवा लावला.
काढायला हवा होता लगेच.
काढला नाही.

नवऱ्याची भाकरी मी ओल्या फडक्यात बांधली.
तो बारा वाजता येईल, म्हणेल, आज काय विशेष?
"उद्या काय?" शाल्मली अर्धवट झोपेत.
"कलिंगड," अण्णा म्हणाले. "आणि पोहे.
ते वरवंटा ठेवतेस ना, तसले.
कांदा मी चिरतो."

तो जाडच चिरला जाणार.
चालेल.